नागझरीचा माग काढायचाय, कुठून सुरुवात करू?

रास्तापेठी:
नमस्कार मंडळी. गेल्या वर्षी आम्ही पुण्याच्या रास्ता पेठेत राहायला आलो. स्वयंपाकघराच्या खिडकीतून खाली वाकून पाहिलं की दगडी भिंतींमधला एक खोल नाला दिसतो. दोन्हीकडच्या इमारतींनी त्याच्याकडे पाठ केलेली, त्यामुळे रस्त्यावरून जाणाऱ्याला पत्ताही लागत नाही. शेजारच्या आजी म्हणाल्या, ही नागझरी. मला ती शक्य तेवढी पायी बघायची आहे. नववीतली लेकही येणार म्हणते. कुठून निघावं आणि काय बघावं? आंबिल ओढ्याशी हिचा काही संबंध आहे का?

सोमवारातला:
माझं लहानपण सोमवार पेठेत गेलं, त्यामुळे विषय निघाला की राहवत नाही. थोडं सविस्तर लिहितो.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. जुनं कसबे पुणे दोन ओढ्यांच्या मधे वसलं होतं. पूर्वेला नागझरी, पश्चिमेला आंबिल ओढा आणि उत्तरेला मुठा. म्हणजे नागझरी ही गावाची शीव होती. तिच्या पलीकडच्या पेठा नंतर वसल्या. हे कळलं की पूल ओलांडताना आपण कुठून कुठे चाललोय ते समजतं.

सुरुवात दारूवाला पुलावरून करा, सकाळी लवकर, गाड्यांची गर्दी व्हायच्या आत. पूल आहे हे कित्येकांच्या लक्षातच येत नाही, कारण दोन्ही बाजूंना दुकानं आणि घरं आहेत. कठड्यापाशी थांबून खाली बघा. पाण्यापेक्षा भिंती निरखा. खाली घडीव काळा दगड, त्यावर विटा, त्यावर सिमेंट. प्रत्येक पिढीने आपला थर चढवलाय आणि पात्र आवळत आणलंय. मधेच भिंतीतून उंबर फुटलेला दिसेल. गावठाणात उंबर दिसला की मी जवळपास पाणी शोधतो, आणि बहुतेक वेळा ते असतंच.

तिथून त्रिशुंड गणपतीला जा. हे चुकवू नका. देऊळ नागझरीच्या काठावरच आहे. बांधकाम १७५४ मध्ये सुरू झालं आणि मूर्तीची प्रतिष्ठापना १७७० मध्ये झाली. गणपतीला तीन सोंडा, आणि वाहन मोर. दर्शनी भिंतीवर साखळदंडाने बांधलेला गेंडा कोरलाय, तो लेकीला शोधायला लावा. आत गाभाऱ्याच्या भिंतीवर संस्कृत आणि फारसी शिलालेख आहेत. पण तुमच्या कामाची गोष्ट खाली आहे. देवळाला तळघर आहे आणि त्यात पाणी साठतं. गुरुपौर्णिमेला ते उपसून दर्शनाला उघडतात. मला विचाराल तर नागझरी अजून जमिनीखालून वाहते याचा याहून चांगला पुरावा शहरात नाही. वर आपण तिचं गटार केलंय, खाली ती अजून झराच आहे.

नागेश्वराचं देऊळही जवळच आहे, आणि ते याहून कितीतरी जुनं. तिथून उताराच्या दिशेने मंगळवार पेठेच्या अंगाने नदीकडे जायचं. सलग काठ मिळणार नाही. बोळात शिरायचं, पुलावर यायचं, पुन्हा बोळात, असंच करावं लागतं. लोकांना विचारत जा. म्हाताऱ्या माणसांना घाट कुठे होता, कपडे कुठे धुवायचे, सगळं आठवतं, आणि ही माणसं आहेत तोवरच विचारून घेतलं पाहिजे.

पर्वतीपायथा:
आंबिल ओढ्याबद्दल मी सांगतो. नागझरी आहे तिथेच दबली, आंबिल ओढा मात्र उचलून दुसरीकडे नेलाय. कात्रजच्या डोंगरातून येणारा हा ओढा पूर्वी थेट गावात शिरायचा. साधारण आजच्या बाजीराव रस्त्याच्या अंगाने जाऊन शनिवारवाड्याजवळ मुठेला मिळायचा. नानासाहेब पेशव्यांनी बांध घालून त्याला पश्चिमेकडे वळवलं आणि पर्वतीच्या पायथ्याशी तळं केलं. आजची सारसबाग म्हणजे तेच तळं, म्हणून तिथला गणपती ‘तळ्यातला गणपती’. बागेत उतरताना पायऱ्यांवर जरा थांबा आणि आजूबाजूच्या रस्त्याची पातळी बघा. आपण तळ्यात उतरतोय हे पायांना कळतं.

कात्रजच्या तलावातून शनिवारवाड्यापर्यंत आणलेला दगडी नळ ही वेगळी गोष्ट, ती ओढ्यात मिसळू नका. त्याचे उसासे (हवा जायला ठेवलेले उंच झरोके) आणि पेठांमधले हौद हा स्वतंत्र फेरफटका होईल.

मी हे सगळं हौसेपोटी करत नाही. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री याच आंबिल ओढ्याला पूर आला आणि अरण्येश्वरजवळच्या टांगेवाले कॉलनीत माणसं गेली. ओढा कुठून जातो, किती रुंद होता, हे काठावर राहणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असायला हवं. म्हणून तुमच्या लेकीला बरोबर नेताय याचा खरंच आनंद झाला.

रास्तापेठी:
दोघांचे मनापासून आभार. त्रिशुंड गणपती घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे आणि तळघराचं मला माहीतच नव्हतं. एक शंका आहे. काही ठिकाणी नाल्यावर स्लॅब टाकलाय. तिथे आत शिरून टॉर्चने बघता येईल का? आणि जुने नकाशे कुठे मिळतील?

सोमवारातला:
आत अजिबात शिरू नका. मैलापाण्याचा नाला आहे, बंदिस्त भागात वायू साठतो आणि त्याने माणूस क्षणात कोसळतो. शिवाय कात्रज-कोंढव्याकडे पाऊस झाला की पेठेत ऊन असतानाही पाणी चढू शकतं. स्लॅबचा भाग वरूनच ओळखायचा. रस्ता कारण नसताना वळतो, दोन वाड्यांमधे बिनकामाची लांबट पट्टी सुटलेली असते, चेंबरच्या झाकणापाशी वाहत्या पाण्याचा आवाज येतो. पहिल्या मोठ्या पावसात छत्री घेऊन निघा. जिथे दर वेळी पाणी तुंबतं तिथे नकाशावर पेन्सिलने खूण करत जा.

नकाशांसाठी सदाशिव पेठेतल्या भारत इतिहास संशोधक मंडळात चौकशी करा. १८८५ च्या गॅझेटियरमध्येही पुणे शहराच्या भागात नागझरी, माणिक नाला आणि आंबिल ओढा यांची वर्णनं आहेत. माणिक नाल्याचा माग मला अजून नीट लागलेला नाही. खुणा केलेला नकाशा इथे टाकलात तर त्या बाजूचं माझ्याकडे आहे ते मी त्यात भरून देईन.