प्रति: कव्हर म्हणजे उष्टं गाणं?

कव्हर, म्हणजे जुनं गाणं नव्याने गाणं-वाजवणं, हे उष्टंच, हे तुमचं म्हणणं काही पटलं नाही बुवा. परवा फोंड्यात घरी ‘नाचोम-इया कुंपासार’ हा कोंकणी सिनेमा पुन्हा पाहिला. गोव्याचे संगीतकार क्रिस पेरींची जुनी कोंकणी गाणी त्यात नव्याने वाजवलीत, तरी ट्रम्पेट सुरू झालं की अंगावर काटा येतोच. (कथा मध्ये रेंगाळते, हे मान्य.) त्यातली नायिका पालोमी घोष कोंकणी भाषक नव्हे, हे आईला सांगूनही पटेना!

आणि ‘बॉबी’तलं ‘घे घे रे सायबा’? ती तर आमची देखणी (गोव्याचं पारंपरिक नाचगाणं), ‘हांव सायबा पलतडीं वयतां’. १९७३ मध्ये चाल देशभर पोचली. मूळ गाण्यातली, दामूच्या लग्नाला पलीकडे जायला नावाड्याची मनधरणी करणारी कलावंतीण मात्र अलीकडच्या काठावरच राहिली. मला दोन्ही आवडतात, पण नाचायला देखणीच.