'डीबी जुना झालाय, कधीही आग लागेल' असं सांगून गेलेत. खरंच सगळं बदलायला हवं का?

निळी_छत्री

नमस्कार मंडळी. प्रश्न आई-बाबांच्या घराचा आहे. दोघंच राहतात, मी लांब आहे आणि सगळं फोनवरून ऐकतेय.

एसीच्या वार्षिक सर्व्हिसिंगला कंपनीचा माणूस आला. एसीचं काम झाल्यावर म्हणाला, सोबत इलेक्ट्रिकल सेफ्टी तपासणी मोफत आहे, करून टाकतो. डीबीचं, म्हणजे घरातल्या सगळ्या सर्किटांचे स्विच असलेल्या पेटीचं, झाकण काढलं, टॉर्च मारून आत पाहिलं, मोबाइलवर फोटो काढले. मग पेनासारखा बीप वाजणारा टेस्टर भिंतीवरून फिरवला. स्विचबोर्डच्या वर तो वाजायला लागला, तर म्हणाला, 'भिंतीत करंट उतरलाय.' शेवटी स्क्रूड्रायव्हरवाला टेस्टर वॉशिंग मशीनच्या पत्र्याला लावला आणि बाबांना जवळ बोलावून आतला लाल दिवा दाखवला. दिवा खरंच लागला होता, बाबांनी स्वतः पाहिलाय.

त्यानंतर यादी दिली: पूर्ण डीबी बदला, सगळे एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप पडणारे स्विच) 'एक्स्पायर' झालेत, सर्ज प्रोटेक्टर (व्होल्टेजच्या अचानक उसळीपासून उपकरणं वाचवणारं साधन) बसवा, नवीन अर्थिंग करा आणि स्वयंपाकघराचं वायरिंग नव्याने ओढा. आज हो म्हणालात तर सूट. नाही म्हणालात तर 'धोक्याची पूर्ण कल्पना दिली होती, ग्राहकाने काम नाकारले' अशा कागदावर सही करा. बाबांनी कशावरच सही केली नाही, 'मुलीला विचारून सांगतो' म्हणाले. तेव्हापासून त्याच्या ऑफिसातून रोज फोन येतोय.

आई मशीनला हात लावत नाही. रात्री मेन पाडून झोपतात दोघं. या वयात अंधारात बाथरूमला जातात, याचीच मला जास्त भीती वाटते.

वायरिंग साधारण २० वर्षांपूर्वीचं आहे, तांब्याचं. जळका वास, ठिणग्या, दिवे मिचमिचणं असलं काही नाही. डीबीत एक आरसीसीबी (करंटची गळती झाली की सप्लाय तोडणारा स्विच) आहे. यातलं खरं किती आणि गळ्यात मारण्यासाठी किती, हे कसं ओळखायचं?

जुना_वायरमन

ताई, आधी आई-बाबांना फोन करा आणि रात्री मेन चालू ठेवायला सांगा. फक्त मशीनचा प्लग काढून ठेवा, बाकी घर वापरू दे. जळका वास नाही, बोर्ड गरम होत नाहीत, काही ट्रिप होत नाही, तर अंधारात झोपायचं काही कारण नाही.

आता एकेक गोष्ट घेऊ.

बीप वाजणारा टेस्टर तारेला न टेकता वाजतो, त्याचं कामच ते आहे. चालू तारेभोवती जे विद्युत क्षेत्र असतं ते त्याला प्लास्टरमधूनही कळतं. स्विचबोर्डच्या वर भिंतीत पाइप आहे, पाइपात फेज आहे, म्हणून तो वाजला. प्रत्येक घरात वाजेल. चालू तारेला लागून गेलेल्या बंद तारेवरसुद्धा तो कधी कधी वाजतो. भिंतीत खरंच लीकेज आहे का, हे मेगरने (तारेचं वेष्टण किती शाबूत आहे ते मोजणाऱ्या मीटरने) कळतं, बीपने नाही.

मशीनच्या पत्र्यावरचा दिवा मात्र गंभीरपणे घ्या. मशीनच्या आत एक फिल्टर असतो. त्यात फेज आणि अर्थच्या मध्ये एक, न्यूट्रल आणि अर्थच्या मध्ये एक असे छोटे कपॅसिटर असतात. अर्थची तार नीट जोडलेली असेल तर त्यांतून येणारा किंचितसा करंट जमिनीत जातो. ती तार सुटली की पत्र्यावर सप्लायच्या साधारण निम्मा व्होल्टेज तरंगत राहतो. करंट अगदी थोडा, सहसा मिलीअँपिअरच्या आत, पण निऑनचा दिवा लागायला तेवढा पुरतो आणि ओल्या हाताला झिणझिण्याही येतात. म्हणजे त्या दिव्यावरून एवढंच कळतं की त्या सॉकेटपर्यंत किंवा प्लगपर्यंत अर्थ पोचत नाहीये. पुष्कळदा सॉकेटच्या मागचा एक स्क्रू ढिला झालेला असतो, नाहीतर प्लगच्या मोठ्या पिनेवरची हिरवी तार निसटलेली असते. सॉकेट उघडून पाहायचं सोडून थेट घरभर नवीन अर्थिंग सांगणं म्हणजे घाबरवून काम काढणं झालं.

एमसीबीला एक्स्पायरीची तारीख नसते. आयईसी या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या ज्या मानकाप्रमाणे घरगुती एमसीबी तपासतात (६०८९८), त्यात पूर्ण करंट चालू असताना तो ४,००० वेळा चालू-बंद करून बघतात. घरातला एमसीबी महिन्यातून एकदासुद्धा पडत नाही. बदलायचा केव्हा? अंगावर करपल्याचा डाग असेल, दांडी सैल झाली असेल, टर्मिनलचं प्लास्टिक पिवळं-तपकिरी पडलं असेल किंवा मोठ्या शॉर्टसर्किटनंतर शंका असेल तेव्हा. लोडवर हात लावल्यावर कोमट लागतो, त्यात काही वावगं नाही. त्याच्या आत तापून वाकणारी पट्टीच असते.

सर्ज प्रोटेक्टर वाईट वस्तू नाही. सप्लाय खांबांवरून उघड्या तारांनी येत असेल, विजा पडणारा भाग असेल, तर उपकरणं वाचतात. पण ते माणसाला शॉकपासून वाचवायचं साधन नाही, आणि तसं सांगून विकत असतील तर तिथंच थांबवा. बसवायचं झालंच तर त्याच्या दोन्ही तारा मिळून अर्ध्या मीटरच्या आत हव्यात. चांगलं उपकरण लांब तारेवर लटकवलेलं मी डीबीत सारखं बघतो. त्याचा उपयोग फार कमी होतो.

माणूस वाचवतो तो आरसीसीबी. फेजने गेलेला करंट आणि न्यूट्रलने परत आलेला करंट यांत फरक पडला की तो तोडतो. त्यावर ३० मिलीअँपिअर लिहिलंय का ते वाचून घ्या. १०० किंवा ३०० चा असेल तर तो आगीसाठी आहे, अंगाला शॉक बसताना त्याच्यावर विसंबता येत नाही. आणि मला एवढं सांगा, त्या माणसाने आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबलं होतं का? सेफ्टी तपासणीतलं पहिलं काम ते. बाबा स्वतः दाबू शकतात, खटकन पडला पाहिजे. पडला नाही तर तो मात्र लगेच बदला, त्यात उशीर नको.

त्या कंपनीशी ज्याचा संबंध नाही असा लायसन्सवाला इलेक्ट्रिशियन बोलवा आणि त्याला नुसती तपासणी करायची मजुरी द्या. पुढचं काम त्याला मिळणार नाही हे आधीच सांगा. त्याच्याकडून लेखी आकडे घ्या: प्रत्येक सर्किटचा ५०० व्होल्टवरचा मेगर, आरसीसीबी किती मिलीअँपिअरवर आणि किती मिलीसेकंदात पडला, प्रत्येक सॉकेटला अर्थ आहे की नाही, आणि कुठल्या एमसीबीखाली किती जाडीची तार आहे. मेगरला १ मेगाओमच्या खाली गेलेलं सर्किट नापास. चांगलं वायरिंग त्याच्या कितीतरी पट दाखवतं.

शाई_आणि_शिक्का

मी अशाच एका सर्व्हिस कंपनीत कोटेशन आणि अहवाल तयार करायचे. नाव लिहीत नाही, पण आत कसं चालतं ते सांगते.

अहवालाची वाक्यं आधीच टाइप केलेली असायची. 'डीबी कालबाह्य', 'आगीचा उच्च धोका', 'तातडीने बदल आवश्यक'. फक्त पत्ता आणि फोटो बदलायचे. फोटो झाकण काढून अगदी जवळून घ्यायला शिकवत. कुठल्याही डीबीतल्या तारा जवळून बघितल्या की न कळणाऱ्या माणसाला ते जंजाळ भयंकर वाटतं. मोजमापाचा रकाना फॉर्मवर होता, तो भरून आलेला मी क्वचितच पाहिला. घरी जाणाऱ्या मुलांच्या पगारात विक्रीचा वाटा मोठा. ज्याची विक्री नाही त्याला दुसऱ्या दिवशी लांबचे पत्ते मिळायचे. त्या मुलांवर मला राग नाही, घर त्यांनाही चालवायचं असतं. राग आहे तो 'म्हातारे एकटे असतील तिथे आधी जा' असं सांगणाऱ्यांवर. हे मी माझ्या कानांनी ऐकलंय.

त्या नकाराच्या कागदाबद्दल. सही केलीच पाहिजे असं काही नाही. सर्व्हिसिंगला आलेला माणूस तुमच्याकडून असा कागद जबरदस्तीने घेऊ शकत नाही. आई-बाबांना अगदीच अवघडल्यासारखं झालं तर सहीच्या वर स्वतःच्या अक्षरात लिहायचं: 'मोजमापाचे आकडे मागितले, दिले नाहीत.' आणि त्या कागदाचा फोटो काढून ठेवायचा. हे वाक्य लिहिलेले कागद आमच्या ऑफिसात परत आले की त्या घरी पुन्हा फोन जात नसे.

फोनवर वाद घालू नका. 'मेगरचे आकडे ईमेलने पाठवा, मग बोलू' एवढंच म्हणा आणि ठेवा.

पहाटपाऊस

वरचं सगळं मान्य, पण दुसरी बाजूही लिहितो, कारण असे धागे वाचून लोक सगळंच धुडकावतात. आमच्या जुन्या घरात कापडी वेष्टणाची, आत रबर असलेली तार होती. बोर्ड उघडून तार जरा वाकवली तर रबराचा भुगा हातात आला आणि उघडं तांबं दिसायला लागलं. आम्हालाही आधी वाटलं होतं की इलेक्ट्रिशियन काम वाढवतोय. त्याने तार बोटांनी वाकवून दाखवली, मेगर लावून काटा शून्याजवळ गेलेला दाखवला, आणि 'आज नाही, पण या मोसमात करून घ्या' म्हणाला. आम्ही सगळं वायरिंग बदललं, योग्यच केलं.

घाईची गरज कुठे असते ते माणसाला बहुतेक नाकाने आणि हाताने कळतं. प्लग काढल्यावर पिना चटका बसण्याइतक्या गरम, बोर्डाजवळ करपलेल्या प्लास्टिकचा किंवा मासळीसारखा वास, गीझर लावला की बाकीचे दिवे मंदावणं, नळाला झिणझिण्या. यातलं काही असेल तर ते सर्किट बंद करून त्याच दिवशी माणूस बोलवा.

निळी_छत्री

खूप खूप आभार सगळ्यांचे. मागच्या आठवड्यात बाहेरचा इलेक्ट्रिशियन बोलावला, तपासणीपुरताच. त्याने दिलेला कागद समोर आहे.

आरसीसीबी ३० चाच आहे, २२ मिलीअँपिअरवर पडला. पूर्ण ३० दिल्यावर २६ मिलीसेकंदांत. मेगरला सगळी सर्किटं ५० मेगाओमच्या वर, स्वयंपाकघराचंसुद्धा, जे नव्याने ओढायला सांगितलं होतं. मशीनच्या सॉकेटमागे अर्थची तार टर्मिनलमधून निसटून नुसती टेकलेली होती. त्याने ती नव्याने सोलून घट्ट बसवली. मशीनचाही वेगळा मेगर घेतला, ठीक आहे. बाबांनी स्वतः तोच टेस्टर पत्र्याला लावून पाहिला, दिवा नाही. आईने लगेच चादरी भिजवल्या.

पण एक गोष्ट निघाली आणि ती कंपनीच्या लांबलचक यादीत कुठेही नव्हती. एसीच्या सर्किटला अडीचची (अडीच चौरस मिलिमीटर जाडीची) वायर आहे आणि वर ३२ अँपिअरचा एमसीबी. बाबांना आठवतंय, आधी २० चा होता, तो एसी सुरू होताना पडायचा म्हणून कुणीतरी मोठा बसवून दिला. इलेक्ट्रिशियन म्हणाला हे चूक आहे, २० चाच पाहिजे. पण मग एसी लावला की परत पडणार ना? उन्हाळ्यात दोघांचे हाल होतील. वायर बदलावी लागेल का?

जुना_वायरमन

त्या इलेक्ट्रिशियनला माझा नमस्कार सांगा, काम मन लावून केलंय.

त्याने पकडलेली चूक खरी आहे, आणि इतक्या सगळ्यात आगीला निमंत्रण देणारी तेवढी एकच. एमसीबी तारेसाठी असतो, उपकरणासाठी नाही. अडीचची तांब्याची तार भिंतीतल्या पाइपातून गेली की साधारण २० ते २४ अँपिअर सुखाने नेते. वर ३२ चा बसवला की तार तापत राहील आणि एमसीबी निवांत बसेल. पीव्हीसीचं वेष्टण ७० अंशांसाठी बनवलेलं असतं, त्याच्यावर रोज जात राहिलं की ते कडक होऊन तडकतं. एसी नेहमी कमी करंट घेतो म्हणून आजवर निभावलं. त्याच सर्किटवर कुणी हीटर लावला असता तर वेगळं झालं असतं. मेगर चांगला आलाय, म्हणजे तार अजून बिघडलेली नाही. बदलायची गरज नाही.

२० चा का पडायचा, ते त्याच्या पडण्याच्या वेळेवरून कळतं. कॉम्प्रेसर उठताना क्षणभर नेहमीच्या कित्येक पट करंट खेचतो. जुना एमसीबी बी कर्व्हचा असणार, तो तीन ते पाच पटीला तत्काळ तोडतो. सी कर्व्हचा पाच ते दहा पटीला तोडतो, म्हणून सुरू होतानाचा धक्का सोसतो. तारेचं रक्षण दोन्ही सारखंच करतात, कारण सावकाश तापून पडण्याचा भाग दोघांत एकच असतो. एमसीबीच्या तोंडावर आकड्याच्या आधी अक्षर छापलेलं असतं, 'सी २०' वाचून घ्या.

तो बसवताना एसी फुल लोडवर चालवून क्लॅम्प मीटरने (तारेभोवती अडकवायच्या मीटरने) करंट मोजायला सांगा आणि आकडा त्याच कागदावर लिहून घ्या. सी २० सुद्धा सुरू होतानाच पडला तर कॉम्प्रेसरचा स्टार्टिंग कपॅसिटर बघावा लागेल. पंधरा-वीस मिनिटांनी पडला तर लोड जास्त आहे किंवा टर्मिनल ढिलं राहून तापतंय. काही झालं तरी पुन्हा मोठा आकडा बसवू देऊ नका. केव्हा पडला आणि क्लॅम्पचा आकडा किती, एवढं इथे लिहा, मी बघतो.