मातीच्या भांड्यांची वेबसाइट: फोटो गायब, मराठीच्या जागी प्रश्नचिन्हं

चाक_आणि_माती:
पणत्या, सुगडं, माठ आणि कुंड्या अशी चार पानांची साइट नोटपॅडमध्ये एचटीएमएल लिहून करतेय. घरच्या कॉम्प्युटरवर फोटो व्यवस्थित दिसतात. गिटहब पेजेसवर (साइट फुकट ठेवण्याची सोय) चढवल्यावर सुगडांचे तीन फोटो दिसेनासे झाले. माठाच्या पानावर मराठीच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं आहेत. मोबाइलवर अक्षरं मुंगीएवढी दिसतात आणि पान उघडायला फार वेळ लागतो. प्रत्येक फोटो चार एमबीच्या आसपास आहे, कोडमध्ये विड्थ ३०० दिली आहे. शिवाय, प्रत्येक वस्तूखाली काय काय लिहावं?

वेब_कारागीर:
ताई, आधी फोटो. मोबाइलमधून आलेल्या फाइलच्या शेवटी बरेचदा कॅपिटल अक्षरांत जेपीजी असतं आणि आपण कोडमध्ये स्मॉल लिहितो. विंडोजला दोन्ही सारखंच, पण सर्व्हरला ती दोन वेगळी नावं. सगळी नावं स्मॉल अक्षरांत करा, मधे जागा सोडू नका, त्याजागी हायफन टाका.

प्रश्नचिन्हं आली म्हणजे ते पान एएनएसआयमध्ये, म्हणजे मराठी अक्षरं न मावणाऱ्या जुन्या एन्कोडिंगमध्ये, सेव्ह झालंय. त्यातली मराठी अक्षरं परत मिळत नाहीत, तेवढा मजकूर पुन्हा टाइप करावा लागेल. ‘सेव्ह ॲज’मध्ये एन्कोडिंग यूटीएफ-८ निवडा आणि प्रत्येक पानाच्या हेडमध्ये अगदी वर मेटा चारसेटची ओळ ठेवा, ती ब्राउझरला पान यूटीएफ-८मध्ये आहे हे सांगते. त्याखालीच व्ह्यूपोर्टची ओळ: विड्थ म्हणजे डिव्हाइस-विड्थ, इनिशियल-स्केल १. ती नसली की फोन कॉम्प्युटरचं रुंद पान आक्रसून दाखवतो, म्हणून अक्षरं बारीक.

विड्थ ३०० दिल्याने फोटो दिसायला लहान होतो, पण फाइल चार एमबीचीच उतरते. फाइल लहान करायला स्क्वूश हे साधन आहे, ते ब्राउझरमध्येच चालतं. त्यात रुंदी १२०० पिक्सेल, जेपीईजी क्वालिटी ७५ ठेवा. बहुतेक फोटो २०० केबीच्या आसपास येतील. कोडमध्ये विड्थबरोबर हाइटही लिहा, नाहीतर फोटो येताना मजकूर खाली ढकलला जातो. पहिला फोटो सोडून बाकीच्यांना लोडिंग लेझी लावा, म्हणजे पान खाली सरकवल्यावरच ते उतरतात.

आणखी एक. गिटहब पेजेसच्या अटींनुसार तिथे ऑनलाइन दुकान चालवता येत नाही. शिकायला ते उत्तम, पण खरी विक्री सुरू करण्याआधी साइट दुसऱ्या होस्टिंगवर हलवा. साधी एचटीएमएल पानं आहेत, तशीच उचलून नेता येतात.

भट्टीवाले:
माप नेहमी भाजल्यानंतरचंच लिहा. वाळताना आणि भाजताना मिळून माती साधारण दहा टक्के आटते, मातीनुसार कमी-जास्त. चाकावर २० सेमीची कुंडी हातात येईपर्यंत १८ची होते, आणि आत बसणारं रोप मोजूनच गिऱ्हाईक ती घेतं. माठाची उंची लिहून भागत नाही, किती लिटर पाणी मावतं ते हवं. सुगडांचा भाव पाचाच्या संचाचा द्या. ‘हातकाम असल्याने अर्धा सेमी फरक पडेल’ आणि ‘माठ पाझरतो, खाली ताटली ठेवा’ ही दोन वाक्यं भावाच्या अगदी शेजारी लिहा, तळाशी नको.

फोटो उघड्या दाराजवळ, सावलीत काढा. ट्यूबलाइटमध्ये लाल मातीचा रंग खरा येत नाही. मागे राखाडी कापड धरा. पांढरंशुभ्र असलं की कॅमेरा उजेड कमी करतो आणि भांडं काळपट दिसतं. एक फोटो एकदम जवळून हवा: पणतीच्या आत बोटांच्या गोल रेघा आणि चिमटलेली वातीची चोच दिसेल असा. आव्यातल्या (भट्टीतल्या) धुराचा काळा डाग असेल तर तोही दाखवा. तो लपवला की माल परत येतो.

चाक_आणि_माती:
नावं बदलल्यावर दोन फोटो आले, एक अजून येत नाही. त्याचा पत्ता ‘डी ड्राइव्ह’पासून सुरू होतोय, ते चालतं का?

वेब_कारागीर:
नाही, तो पत्ता फक्त तुमच्या कॉम्प्युटरवर आहे. फोटो साइटच्या फोल्डरमध्ये आणा आणि पत्त्यात फोल्डरचं नाव, तिरकी रेघ, फाइलचं नाव एवढंच ठेवा. व्हॉट्सॲपची लिंक करताना नंबर ९१ लावून सलग लिहा. अधिकचं चिन्ह, शून्य किंवा मोकळी जागा राहिली की लिंक बिघडू शकते.

भट्टीवाले:
आणि पहिल्या पानावर वस्तूंचा क्रम हंगामानुसार बदलत राहा: नवरात्राआधी घट, मग पणत्या, डिसेंबरपासून सुगडं, फेब्रुवारीअखेर माठ. भावापुढे महिना आणि साल लिहा.