शामोनी ते झेरमॅट स्की टूर: दोघांनीच, गाईडशिवाय जावे का?

मुळशीकर

नमस्कार मंडळी. मी मूळचा पुण्याचा असून सध्या नोकरीनिमित्त म्युनिकमध्ये राहतो. डोंगराची ओळख अर्थातच सह्याद्रीत झाली. पुढे उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेतून बेसिक आणि अॅडव्हान्स असे दोन्ही अभ्यासक्रम पूर्ण केले, त्यामुळे दोर, क्रॅम्पॉन (बुटांना लावायचे लोखंडी दाते) आणि आईस अॅक्स यांची सवय आहे. स्की मात्र इकडे आल्यावर शिकलो. तयार केलेल्या उतारांवर लाल (मध्यम) वाटा आरामात आणि काळ्या (सर्वांत अवघड) वाटा जपून उतरतो. गेल्या हिवाळ्यात स्कीच्या तळाला स्किन (मागे घसरू न देणाऱ्या पट्ट्या) चिकटवून चढायचे आणि त्या काढून उतरायचे, अशा काही एकदिवसीय सहलीही बव्हेरियाच्या डोंगरांत केल्या.

येत्या एप्रिलमध्ये ‘ओत रूट’ करण्याचा विचार आहे. पायी चालणाऱ्यांची उन्हाळी वाट नव्हे, तर फ्रान्समधल्या शामोनीहून हिमनद्या ओलांडत स्वित्झर्लंडमधल्या झेरमॅटला नेणारी स्कीची वाट. सोबत माझा एक जर्मन सहकारी असेल. तो लहानपणापासून स्की करतो आणि कोणत्याही बर्फावरून सहज उतरतो, परंतु हिमनदीवर दोर बांधून कधी चाललेला नाही. आमचा हिशेब असा आहे की, त्याचे स्कीइंग आणि माझे गिर्यारोहण यांची सांगड घातली तर गाईडवाचून निभावेल. हा हिशेब जाणकारांना पटतो का? आणि नसेल पटत, तर या मोसमात दुसरे काय करता येईल? सामानापैकी काय विकत घ्यावे आणि काय भाड्याने आणावे, हेही कृपया सांगावे.

हिमरेषा

हिशेब पटत नाही, आणि त्याचे कारण तुमच्या कौशल्यात नसून ‘सांगड’ या कल्पनेत आहे. दोघांच्या गटात कौशल्यांची बेरीज होत नसते. तुम्हाला हिमभेगेतून, म्हणजे हिमनदीतल्या खोल भेगेतून, माणूस बाहेर काढता येतो हे मान्य, पण भेगेत तुम्हीच पडलात तर वर उभा राहणारा तुमचा सहकारी असेल. त्याला अंगावर आलेला झटका पेलायचा आहे, तुमचे वजन दोरावर तोलून धरलेले असतानाच बर्फात आडवा चर खणून त्यात स्की पुरायची आहे, त्या स्कीला दोर अडकवून भार तिच्यावर सोपवायचा आहे आणि मग कप्पीची जुळणी करून तुम्हाला वर ओढायचे आहे. आपल्या अभ्यासक्रमांत हा सराव करताना दोराला माणसे जास्त असतात आणि ओढायला हात मिळतात. दोघांच्या दोरावर हेच काम तालीम झालेल्या माणसालाही जड जाते. आधाराच्या गाठी मारलेला दोर भेगेच्या कडेत रुतून झटका कमी करतो हे खरे, पण पुढे वर ओढताना त्याच गाठी अडथळा होतात.

उलट बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. लाल-काळ्या वाटा मशीनने दाबून गुळगुळीत केलेल्या असतात. या टूरवर तुम्हाला पाठीवर दोर, हार्नेस, क्रॅम्पॉन आणि आठवड्याचे सामान घेऊन वाऱ्याने कडक केलेल्या, वरून पापुद्रा धरलेल्या किंवा दुपारी चिखलासारख्या झालेल्या बर्फावरून उतरायचे आहे. पहिल्याच टप्प्यात शार्दोने खिंड येते. ती 3323 मीटर उंच आहे आणि पलीकडची बाजू इतकी तीव्र आहे की अनेक गट तिथे दोर लावूनच उतरतात. हिमनदी खाली बसत चालल्याने अशा जागा वर्षागणिक अधिक अवघड होत आहेत. शिवाय पहिल्या दिवशी ज्याने वर जायचे, त्या आर्जेंटिएर गावावरच्या ग्राँ माँते रोपवेचे मधले स्थानक सप्टेंबर 2018 मध्ये आगीत जळाले, तेव्हापासून जुन्या पुस्तकांतले पहिल्या दिवसाचे वर्णन जसेच्या तसे धरून चालता येत नाही. निघण्यापूर्वी त्या वर्षीची स्थिती विचारून घ्यावी लागते.

चढतानाची एक गोष्ट सांगतो, कारण नवखे लोक बहुधा तिथेच अडतात. पहाटे बर्फ काचेसारखा कडक असतो आणि उताराला आडवे जाताना स्किनचा वरच्या बाजूचा अगदी चिंचोळा पट्टाच काय तो टेकतो. त्यासाठी स्कीला बसवायचे क्रॅम्पॉन असतात. जर्मनीत त्यांना ‘हार्शआयझन’ म्हणतात. ते उतार सुरू होण्यापूर्वी, सपाटीवर उभे राहून बसवायचे. घसरायला लागल्यावर मधेच एका पायावर उभे राहून बसवू, असे ज्यांना वाटते ते बहुधा खालीच जातात. तीच गोष्ट किक-टर्नची. पस्तीस अंशांच्या कडक उतारावर पाठीवर ओझे असताना स्की उचलून उलट दिशेला फिरवणे हे दोन्ही बाजूंना, न विचार करता, जमले पाहिजे.

कोकणकडा

वरचा प्रतिसाद नेमका आहे, तरी एका बाबतीत थोडा वेगळा सूर लावतो. गाईडशिवाय डोंगरात जाणे ही आल्प्समधली जुनी आणि सन्मान्य परंपरा आहे, त्यामुळे ‘गाईड घ्या’ एवढ्यावर विषय संपवू नये. प्रश्न गाईड असावा की नसावा इतकाच नसून, स्वतः निर्णय घेण्याची सवय कोणत्या डोंगरात लावून घ्यावी हा आहे. ती सवय ओत रूटवर लावू नये, एवढे मात्र मी ठामपणे म्हणेन.

आपल्याकडच्या अभ्यासक्रमांविषयी मला मनापासून आदर आहे. तिथे शिस्त लागते, पायाभूत तंत्र पक्के होते. परंतु रोज संध्याकाळी हिमस्खलनाचे पत्रक वाचून ‘उद्या कोणत्या दिशेचा, किती उंचीवरचा उतार टाळायचा’ हे स्वतः ठरवण्याचा सराव त्या रचनेत फारसा होत नाही, कारण निर्णय प्रशिक्षकांचा असतो. इथे तो रोज तुमचा असेल. युरोपात धोक्याची पातळी 1 ते 5 अशी दिली जाते. पातळी 3, म्हणजे ‘लक्षणीय’, ही मधोमध असल्यामुळे मध्यम वाटते आणि तिथेच फसगत होते. स्वित्झर्लंडमध्ये हिमस्खलनातल्या मृत्यूंपैकी सुमारे निम्मे याच पातळीच्या दिवशी होतात. चौथ्या-पाचव्या पातळीला शहाणी माणसे घरी बसतात, तिसरीला निघतात. दावोसच्या हिमस्खलन संशोधन संस्थेचे पत्रक हिवाळ्यात संध्याकाळी पाच वाजता येते आणि सकाळी आठला सुधारून मिळते. त्यातला आकडा वाचून थांबू नका, खालचा मजकूर वाचा: धोका ताज्या वाऱ्याने साचलेल्या बर्फाचा आहे, खोलवरच्या कच्च्या थराचा आहे की दुपारच्या ओल्या बर्फाचा, यावर तुमची वाट ठरते. सोबत स्विस नकाशांवरचा उताराच्या अंशांचा रंगीत थर लावून पाहिला, की तीस अंशांहून तीव्र भाग लगेच डोळ्यांत भरतात.

वसंतातला धोका तर घड्याळावर चालतो. रात्री आकाश निरभ्र असेल तर बर्फ गोठून पक्का होतो आणि सकाळी काही तास सुरक्षित वाट देतो. रात्री ढग असतील तर तो गोठतच नाही. या मार्गावर प्राफ्लरी हटकडून (हट म्हणजे डोंगरातले मुक्कामाचे घर) दिस हटकडे जाताना ग्रांद दिक्सांस धरणाच्या सरोवराच्या पश्चिम काठावरून लांबलचक आडवे जावे लागते. (धरण 285 मीटर उंच आहे, कोयनेच्या भिंतीच्या जवळजवळ तिप्पट.) त्या काठावरचे उतार पूर्वेकडे तोंड करून असल्याने त्यांच्यावर ऊन सकाळीच पडते. तिथून उशिरा जाणाऱ्यांच्या डोक्यावर ओला बर्फ सुटू शकतो. म्हणून हटमध्ये पहाटे चार-पाचला नाश्ता असतो, आणि म्हणून आपली ‘निवांत निघू’ ही सवय म्युनिकलाच ठेवून यावी.

पर्याय विचारलात म्हणून सांगतो: यंदा सिल्व्हरेट्टा करा. ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंडच्या सीमेवरचा हा भाग तुम्हाला जवळ आहे, हिमनद्या आहेत पण तुलनेने सौम्य आहेत, हट एकमेकींपासून बेताच्या अंतरावर आहेत आणि हवामान बिघडले तर बहुतेक हटवरून दरीत उतरण्याची वाट असते. इश्गलच्या बाजूने हायडेलबर्गर हट, मग यामटाल, मग वीसबाडेनर असा क्रम लावता येतो. वीसबाडेनरहून 3312 मीटरचा पिट्स बुइन होतो: ओक्सेनटालर हिमनदीवरून खिंडीपर्यंत स्कीवर जायचे, तिथे स्की बर्फात रोवून ठेवायच्या आणि पुढे क्रॅम्पॉन लावून खडकांतून, एका छोट्या चिमणीतून (खडकातल्या उभ्या, अरुंद फटीतून), माथा गाठायचा. तुमचे गिर्यारोहण तिथे कामी येईल आणि सहकाऱ्याला ते शिकायला मिळेल. सौम्य म्हटले म्हणून गाफील राहू नका. यामटालची वाट ज्या गाल्ट्यूर गावातून जाते, तिथेच 23 फेब्रुवारी 1999 रोजी घरांवर हिमस्खलन येऊन 31 माणसे गेली.

मुळशीकर

दोघांचेही मनापासून आभार. सिल्व्हरेट्टाचा पर्याय सहकाऱ्याला सांगितला, त्यालाही आवडला. हिमभेगेतून बाहेर काढण्याचा सराव आम्ही जानेवारीपासून बर्फाच्या ढिगाऱ्यावर सुरू करू. तरी एक शंका उरते. ओत रूट पुढच्या वर्षी गाईडसह केला, तर मग हवामानाची आणि वाट शोधण्याची चिंता पूर्णपणे त्याच्यावर सोपवता येईल का?

झुरिककर

नाही, पूर्णपणे सोपवता येत नाही. 29 एप्रिल 2018 रोजी याच मार्गावर पीन्य द’आरोला शिखराच्या परिसरात वादळात सापडलेले चौदा जण रात्रभर उघड्यावर अडकले. विन्येत हट तिथून जेमतेम पाच-साडेपाचशे मीटरवर होती, पण उडत्या बर्फात आणि धुक्यात ती सापडली नाही. सात जण दगावले. त्यांच्यापैकी मोठ्या गटाबरोबर गाईड होता आणि मृतांमध्ये तोही होता. मार्च 2024 मध्ये झेरमॅटहून आरोला गावाकडे निघालेले सहा जण तेत ब्लाँश शिखराच्या परिसरात वादळात अडकले. त्यांपैकी पाच जणांचे मृतदेह सापडले. या दोन्ही घटनांमध्ये मला जे समान दिसते ते असे की, साडेतीन हजार मीटरच्या आसपास पसरलेल्या उघड्या हिमपठारावर वादळ आले, की तिथे आडोसा नसतो आणि वेळही नसतो. गाईड वाट काढतो, पण आदल्या संध्याकाळी ‘उद्या निघायचे नाही’ असे तो म्हणाला, तर हट बुक केली आहे, रजा संपत आली आहे असे रडगाणे न लावता ते ऐकणारे गिऱ्हाईक त्याच्यामागे असावे लागते. म्हणून आराखड्यात निदान एक दिवस रिकामा ठेवा, आणि शेवटच्या टप्प्याविषयी तर आधीच मनाची तयारी करा. विन्येतहून झेरमॅटला जाताना लेव्हेक, माँ ब्रुले आणि व्हालपेलिन अशा तीन खिंडी एकाच दिवसात ओलांडायच्या असतात. हवामानाचा भरवसा नसेल, तर विन्येतहून थेट आरोला गावात उतरून बसने घरी यावे. त्यात कमीपणा मानणारे लोक डोंगरात फार भेटत नाहीत, समाजमाध्यमांवर भेटतात.

वाट शोधण्याचे म्हणाल, तर वाटेचा जीपीएस ट्रॅक दोन उपकरणांत ठेवा, फोन अंगाजवळ उबेत ठेवा आणि कागदी नकाशा व होकायंत्र घ्या. थंडीत बॅटरी पाहता पाहता उतरते, आणि जाड हातमोजे घालून पडदा चालत नाही.

सामानाबद्दल: बूट विकतच घ्या आणि ते घेण्यासाठी एक अख्खी दुपार द्या, कारण दुसऱ्याच्या पायाला बसलेल्या बुटाने दुसऱ्या दिवशी टाचेची साल निघते. स्की, बाइंडिंग (बूट स्कीला अडकवणारी जोडणी) आणि स्किन पहिल्या मोसमात भाड्याने आणल्या तरी चालतात. फक्त स्किन त्याच स्कीच्या मापाने कापलेल्या आहेत ना, हे दुकानातच लावून पाहा. बीकन (गाडला गेलेला माणूस शोधण्यासाठी संकेत देणारे व पकडणारे यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून चाचपायची लांब काठी) आणि फावडे या त्रयीत काटकसर करू नका. बीकन तीन अँटेनांचा असावा आणि फावड्याचे पाते धातूचे असावे. हिमस्खलनाखाली गाडल्या गेलेल्या माणसाला वाचवण्याची खरी संधी पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत असते, तेव्हा मदतपथक नव्हे, तुमचा सहकारीच तुम्हाला काढणार आहे. आणि त्या मिनिटांतला बराचसा वेळ शोधण्यात नव्हे, खणण्यात जातो. हिमस्खलनात माणसाला वर राहायला मदत करणारी फुगणारी पाठपिशवी असल्यास उत्तम, पण ती या तिन्हींच्या ऐवजी नव्हे.

तुम्ही म्युनिकला आहात, तर जर्मन अल्पाइन क्लबच्या तिथल्या शाखेचे सभासद व्हा. हटमध्ये सवलत मिळते, डोंगरातल्या सुटकेच्या खर्चाचा 25,000 युरोपर्यंतचा विमा सभासदत्वातच येतो, शाखा सामान भाड्याने देतात, आणि मुख्य म्हणजे हिमनदी व हिमस्खलनावरचे त्यांचे अभ्यासवर्ग तुम्हा दोघांना एकत्र करता येतील. हटच्या जागा मात्र लवकर धरा. एप्रिलच्या शनिवार-रविवारी दिस आणि विन्येत इथे ऐन वेळी जागा मिळणे कठीण असते.

हिमरेषा

झुरिककरांच्या यादीत एक भर. स्वित्झर्लंडमध्ये हेलिकॉप्टरसाठी सगळे रेगा या हवाई सुटका संस्थेचा 1414 हा क्रमांक पाठ करतात, पण वाले प्रांतात, म्हणजे ओत रूटच्या जवळजवळ साऱ्या स्विस भागात, सुटकेचे काम 144 वरून हलते. सिल्व्हरेट्टाला ऑस्ट्रियाच्या बाजूला असाल तर डोंगरी सुटकेसाठी 140. दोन्ही क्रमांक सहकाऱ्याच्या फोनमध्येही आजच साठवा, आणि फोनला रेंज नसेल त्या भागासाठी उपग्रहावरून संदेश पाठवणारे छोटे उपकरण मिळाले तर भाड्याने घ्या.

गाईड ठरवताना आंतरराष्ट्रीय गाईड महासंघाचा बिल्ला पाहा आणि गटात किती जण असतील हे लेखी विचारा. साधारण सहा जणांमागे एक गाईड असतो. तुमच्या सहकाऱ्यासारखा वेगवान आणि तुमच्यासारखा उतरताना जपणारा, असे दोघे एका गटात असाल, तर ते आधी सांगा. बरेच गाईड मुख्य टूरआधी एक दिवस सोबत स्की करून पाहतात आणि मग हो किंवा नाही म्हणतात.