मदत हवी आहे: गार्मिनवर स्वतः भरलेल्या ठिकाणांचे अलर्ट वाजत नाहीत

लाल माती

नमस्कार मंडळी. मुंबई–गोवा महामार्गावर घाटात मोबाइलची रेंज जाते, म्हणून गाडीत गार्मिन ड्राइव्ह (उपग्रहावर चालणारा, रस्ता दाखवणारा पडदा) लावला आहे. महाड ते चिपळूण पट्ट्यातले गतिरोधक, रस्त्याला लागून असलेल्या शाळा आणि गावातून महामार्गावर येणारे फाटे एक्सेलमध्ये लिहून काढले, सीएसव्ही (स्वल्पविरामाने रकाने वेगळे केलेली साधी फाइल) केली आणि पीओआय लोडरने (आपली ठिकाणे भरायचे गार्मिनचे संगणकावरचे सॉफ्टवेअर) उपकरणात भरली. तीन अडचणी आहेत.

ठिकाणे यादीत दिसतात, पण जवळ गेल्यावर आवाज येत नाही आणि पडद्यावरही काही उमटत नाही. नंतर रत्नागिरीकडची फाइल भरली, तर आधीची सगळी गायब झाली. खेडच्या भोस्ते घाटाजवळची काही ठिकाणे तर सात हजार किलोमीटर लांब दाखवतो. बाकीची बरोबर आहेत. संगणक विंडोजचा आहे.

घाटमाथा

तिसऱ्या अडचणीपासून सुरुवात करतो, कारण फाइल चुकीची असेल तर पुढचे सगळे वाया जाते.

गार्मिनच्या सीएसव्हीत रेखांश आधी आणि अक्षांश नंतर लागतो. गुगल मॅप्समधून कॉपी केले की अक्षांश आधी येतो. खेडजवळचा बिंदू १७.७ अक्षांश, ७३.४ रेखांश असा आहे. तो उलटा पडला की ७३.४ उत्तर अक्षांशावर, नॉर्वे आणि स्वालबार्डच्या मधल्या समुद्रात जातो. ते अंतर साधारण सात हजार किलोमीटरच भरते. लोडर तक्रार का करत नाही? अक्षांश ९० पर्यंत चालतो आणि आपल्याकडचा रेखांश ७२ ते ८१ च्या दरम्यान, म्हणजे उलटे आकडेही त्याला वैध वाटतात. कोलकात्याचा ८८ सुद्धा असाच निसटेल. त्यामुळे महाराष्ट्रात ही तपासणी आपल्यालाच करावी लागते: पहिल्या रकान्यात ७२ ते ८१ मधला आकडा नसेल, तर ती ओळ उलटी आहे.

ओळ अशी हवी:

७३.३९१२०,१७.७१८४०,गतिरोधक खेड,चिपळूणकडे जाताना

इथे देवनागरीत लिहिले असले, तरी फाइलमध्ये आकडे रोमनच घाला. नावेही रोमनमध्ये लिहा. उपकरणात देवनागरी फाँट नसेल, तर नावाच्या जागी चौकोन दिसतात. वर शीर्षकाची ओळ ठेवू नका. नावात स्वल्पविराम असेल, तर ते नाव दुहेरी अवतरणात घाला, नाहीतर उरलेला भाग पुढच्या रकान्यात सरकतो.

एक्सेलबद्दल एक सावधगिरी. सेलमध्ये जेवढे दिसते तेवढेच तो सीएसव्हीत लिहितो. रकाना दोन दशांश स्थळांवर असेल, तर बिंदू अर्धा किलोमीटर सहज हलतो. पाच स्थळे ठेवा, म्हणजे चूक मीटरभराच्या आत राहते. अंश-मिनिट-सेकंदात आकडा मिळाला असेल, तर मिनिटांना ६० ने आणि सेकंदांना ३६०० ने भागून अंशात मिळवा: १८ अंश ४५ मिनिटे ३० सेकंद म्हणजे १८.७५८३३.

किनारपट्टी

आवाज न येण्याचे कारण बहुधा लोडरचा एक्स्प्रेस मोड. त्यात लोडर ठिकाणे भरतो, पण अलर्ट कसा हवा ते विचारत नाही. 'मॅन्युअल' निवडा. मग प्रत्येक फाइलसाठी वेगळी खिडकी उघडते आणि अलर्ट अंतरावर हवा की वेगावर, हे विचारले जाते. त्याआधीच्या पानावर एकके मीटर आणि किमी प्रतितास आहेत ना, ते बघा. मैल राहिले असतील, तर तुमचे ६० म्हणजे ९७ किमी होतात आणि वेगाचा अलर्ट वाजतच नाही.

दोन प्रकारांतला फरक लक्षात घ्या. अंतराचा अलर्ट तुम्ही कितीही सावकाश गेलात तरी वाजतो. वेगाचा अलर्ट ठरवलेली मर्यादा ओलांडली असेल तरच वाजतो. शाळेसाठी वेगाचा बरा, कारण तिशीत जाणाऱ्याला रोज टोकण्यात अर्थ नाही. नावाच्या शेवटी @ आणि मर्यादा लिहिली (उदा. 'शाळा@३०'), तर लोडर ती आपोआप उचलतो.

गतिरोधकाला अंतराचाच लावा. ताशी ८० ने गाडी सेकंदाला २२ मीटर जाते, म्हणून १०० मीटर अंतर ठेवले तर हातात पाचही सेकंद राहत नाहीत. महामार्गावर ३०० ठेवा, गावात १५० पुरते. त्यासाठी फाइली वेगळ्या करा, कारण मॅन्युअलमध्ये एका फाइलला एकच अंतर देता येते.

उपकरणातही पाहा: सेटिंग्जमध्ये ड्रायव्हर असिस्टन्सखाली प्रॉक्सिमिटी अलर्ट (जवळ आल्याचे इशारे) सुरू हवेत. आणि आवाज म्यूट असेल, तर तेही गप्प बसतात.

घाटमाथा

यादी गायब होण्याचे कारण साधे आहे. लोडर सगळे मिळून 'पीओआय डॉट जीपीआय' नावाची एकच फाइल बनवतो आणि पुढच्या वेळी तिच्यावरच लिहितो. सगळ्या सीएसव्ही एका फोल्डरमध्ये ठेवून दर वेळी पूर्ण फोल्डर भरत जा. वेगवेगळे गट हवे असतील, तर लोडरच्या पहिल्या पानावर उपकरणाऐवजी संगणकावरचे फोल्डर निवडा, तयार झालेल्या जीपीआयला वेगळे नाव द्या आणि ती उपकरणातल्या गार्मिन फोल्डरमधील पीओआय फोल्डरमध्ये हाताने टाका. लोडरला उपकरण सापडत नसेल, तरी हाच मार्ग चालतो. केबल मात्र डेटाची हवी, नुसती चार्जिंगची नको.

लाल माती

आभार. मॅन्युअलने भरल्यावर आवाज आला, उलटलेल्या ओळीही सापडल्या. आता घाटात प्रत्येक वळणाला दोन-तीनदा वाजतो आणि पलीकडच्या मार्गिकेवरच्या गतिरोधकालाही वाजतो. त्यावर काही उपाय?

किनारपट्टी

गार्मिन रस्त्याने अंतर मोजत नाही, सरळ रेषेत मोजतो. वरची आणि खालची वळणे नकाशावर शंभर-दीडशे मीटरच्या आत असतात, त्यामुळे एका वळणावर असताना दुसऱ्याचे वर्तुळही लागते. प्रत्येक वळणाला बिंदू नकोच. घाट सुरू होतो तिथे एक आणि संपतो तिथे एक, एवढे पुरे. खरोखर धोक्याचे एखादे वळण असेल, तर त्याच्यासाठी ८०–१०० मीटरची वेगळी फाइल करा.

जाणारी आणि येणारी मार्गिका अंतराने वेगळ्या पाडता येत नाहीत, मध्ये जागाच थोडी असते. म्हणून नावात दिशा लिहा, म्हणजे पडद्यावर नजर टाकली की आपला की पलीकडचा ते कळते. बोगद्याच्या आत बिंदू ठेवू नका, तिथे उपग्रह दिसत नाहीत. तोंडाच्या आधी ठेवा. कशेडीला बोगद्यातून जात असाल, तर जुन्या घाटातले बिंदू काढून टाका.

प्रत्येक ठिकाणाला वेगळे अंतर हवे असेल, तर सीएसव्हीऐवजी जीपीएक्स (जीपीएस बिंदूंची दुसऱ्या प्रकारची फाइल) वापरा. त्यात गार्मिनच्या विस्तारात प्रॉक्सिमिटीचा टॅग असतो, त्यात मीटर लिहायचे. शिवाय अक्षांश-रेखांश नावानिशी लिहिलेले असल्याने ते उलटायची भीती नाही. गाडी थांबवून पडद्यावरच्या गाडीच्या चिन्हावर बोट लावून जागा सेव्ह केलीत, तर ती उपकरणातल्या जीपीएक्स फोल्डरमध्ये 'करंट' फाइलीत जमा होते. तिथून उचलली की हाताने आकडे लिहायची गरज नाही.

राईनकाठ

परदेशातून हा धागा वाचणाऱ्यांसाठी. गतिरोधक आणि शाळांचे बिंदू कुठेही ठेवा, पण स्पीड कॅमेऱ्यांची यादी भरू नका. जर्मनीत गाडी चालवताना तसा इशारा वापरला, तर ७५ युरो दंड आणि चालकाच्या नावावर एक दंड-पॉइंट. स्वित्झर्लंडमध्ये असे उपकरण नुसते सोबत बाळगायलाही बंदी आहे. फ्रान्समध्ये २०१२ पासून कॅमेऱ्याची नेमकी जागा दाखवता येत नाही, म्हणून तिथल्या यंत्रणा फक्त धोक्याचा पट्टा दाखवतात. सीमा ओलांडण्याआधी कॅमेऱ्यांची जीपीआय पीओआय फोल्डरमधून काढून टाका. नुसता अलर्ट बंद केल्याने फाइल आतच राहते.