मदत हवी आहे: वस्तीतल्या लोकांना ओपनस्ट्रीटमॅपवर नकाशा करायला कसं शिकवावं?

मोजपट्टी:
नमस्कार मंडळी. वस्तीतल्या साधारण २० जणांसाठी दोन दिवसांचं शिबिर घ्यायचं आहे. शाळकरी मुलांपासून साठीच्या मावशींपर्यंत सगळे असतील. लॅपटॉप सहाच आहेत, अँड्रॉइड फोन जवळपास सगळ्यांकडे आहेत, इंटरनेट चालतं पण संथ. गल्ल्या, सार्वजनिक नळ, शौचालयं, दवाखाने, शाळा हे सगळं ओपनस्ट्रीटमॅपवर, म्हणजे कोणीही भर घालू शकेल अशा खुल्या नकाशावर यावं आणि पुढे लोकांनीच ते ताजं ठेवावं, असा हेतू आहे. सुरुवात लॅपटॉपवर करावी की फोनवर? टॅग, म्हणजे नकाशावरची वस्तू काय आहे हे सांगणाऱ्या खुणा, किती शिकवावेत? आणि २० नवखे हात एकदम सुरू झाल्यावर आधीचं चांगलं काम बिघडू नये म्हणून काय काळजी घ्यावी?

अक्षांश:
सुरुवात फोनवरच करा. छपरं आणि रस्ते उपग्रहचित्रावरून जगातला कोणीही गिरवू शकतो. गल्लीला लोक काय म्हणतात, नळाला पाणी येतं का, पावसाळ्यात वाट बंद होते का, हे चित्रात दिसत नाही. ते तिथे राहणाऱ्यालाच ठाऊक असतं. नैरोबीच्या किबेरा वस्तीत २००९ साली तिथल्याच तरुणांनी ओपनस्ट्रीटमॅपवर नकाशा उभा केला, तो याच बळावर.

शिबिराआधी करायच्या गोष्टी:

खाती घरूनच उघडून यायला सांगा. एकाच वायफायवरून भराभर खाती उघडली जाऊ लागली की सर्व्हर त्या जोडणीवरून नवी खाती नाकारतो, आणि सकाळचा तास पुष्टीचा ईमेल शोधण्यात जातो. सगळ्यांना मिळून एक खातं ही पळवाट काढू नका. बदलावर कोणी शंका विचारली तर ती त्या खात्याच्या मालकाला जाते, ती नेमक्या माणसापर्यंत पोहोचली पाहिजे.

फोनवर दोन ॲप पुरे. स्ट्रीटकम्प्लीट नकाशावर असलेल्या गोष्टींबद्दल साधे प्रश्न विचारतं: रस्ता डांबरी की मातीचा, इमारतीला मजले किती, दुकान अजून चालू आहे का. वाचता येणारा कोणीही ते दहा मिनिटांत शिकतो. नवी ठिकाणं टाकायला एव्हरी डोअर. दोन्हींत आपल्या भागाचा डेटा आदल्या रात्री चांगल्या नेटवर उतरवून ठेवा. उत्तरं फोनमध्ये साठतात, संध्याकाळी अपलोड करता येतात.

टॅग एका दिवसाला पाच-सहाच. नळांबाबत एक गोष्ट मात्र नीट समजावा: ‘अमेनिटी=ड्रिंकिंग_वॉटर’ म्हणजे पिण्यायोग्य पाणी. धुण्याभांड्याच्या पाण्याचा नळ असेल तर ‘मॅन_मेड=वॉटर_टॅप’ आणि सोबत ‘ड्रिंकिंग_वॉटर=नो’. हा फरक चुकला तर नकाशा पाहून कोणी ते पाणी पिईल.

पायवाट:
अक्षांश, फोन आधी याला माझी हरकत आहे. स्ट्रीटकम्प्लीट मुख्यतः नकाशावर आधीच असलेल्या गोष्टींबद्दल विचारतं. वस्तीच्या जागी नकाशा कोरा असेल तर फोनवर जवळपास काहीच प्रश्न येणार नाहीत, आणि लोकांना वाटेल ॲप बिघडलं. आधी कोणीतरी रस्ते आणि इमारती गिरवायलाच हव्यात.

अक्षांश:
बरोबर आहे, ती अट सांगायची राहिली. पण ते काम २० जणांकडून करून घेऊ नका. जाणत्या दोघा-तिघांनी शिबिराआधी पाया गिरवून ठेवावा, म्हणजे शिबिरातला वेळ नावं आणि तपशिलांना मिळतो.

पायवाट:
हे पटलं. मग पाया घालणाऱ्यांसाठी लिहितो, कारण पुढच्या निम्म्या चुका तिथूनच येतात.

ब्राउझरमध्ये चालणारा आयडी एडिटर वापरणार असाल तर आधी त्यातला सराव पूर्ण करा. तो सराव अमेरिकेतल्या थ्री रिव्हर्स या गावाच्या नकाशावर चालतो आणि त्यातलं काहीही खऱ्या नकाशात जात नाही. हे आधीच सांगा, नाहीतर लोक आपलं काम शोधत बसतात. इमारतीचे चार कोपरे टिपले की कीबोर्डवर क्यू (Q) दाबायचं, काटकोन होतात. गोल टाकी असेल तर ओ (O). उंच इमारत चित्रात तिरकी दिसते, छत एकीकडे आणि पाया दुसरीकडे. आकार छताचा काढा आणि मग तो उचलून पायावर सरकवा.

जोडलेल्या घरांची रांग हा सगळ्यांत किचकट भाग. पत्र्यांच्या छपरांमध्ये भिंत कुठे संपते ते चित्रात कळत नाही. अंदाजाने पन्नास चौकोन पाडण्यापेक्षा रांगेची एकच बाह्यरेषा काढा आणि प्रत्यक्ष पाहणीनंतर तिचे तुकडे करा. अंदाजाने काढलेली घरं नंतर कोणी तपासत नाही, आणि मोजणीत तीच खरी धरली जातात.

मोजपट्टी:
दोघांनाही धन्यवाद. पाया घालायला सुरुवात केली आणि दोन अडचणी आल्या. एक, फोनवर नोंदवलेला जीपीएस माग, म्हणजे चाललेल्या वाटेची रेष, चित्रातल्या रस्त्यापासून ६-७ मीटर बाजूला पडतो. रस्ता सरकवायचा का? दोन, एक गल्ली मुख्य रस्त्याला मिळालेली स्पष्ट दिसते, पण मार्ग दाखवणारं ॲप तिथून नेतच नाही.

पायवाट:
दुसरीचं आधी. ती रेष रस्त्याला टेकलेली दिसते, पण जोडलेली नाही. मार्ग काढणारं ॲप चित्र पाहत नाही. दोन रेषांमध्ये एक सामाईक बिंदू, म्हणजे नोड, आहे का एवढंच पाहतं. पूर्ण मोठं करून बघा, अर्ध्या मीटरची फट दिसेल. टोकाचा बिंदू ओढून रस्त्यावर सोडा, तो चिकटतो. ओढताना ऑल्ट दाबलेलं असेल तर चिकटत नाही. जतन करण्याआधी एडिटर अशा फटींबद्दल इशारा देतो, नवशिके तो न वाचताच पुढे जातात. शिबिरात इशाऱ्यांची यादी मोठ्याने वाचून दाखवायला लावा.

याच्या उलट चूकही होते: रस्त्याची रेष शेजारच्या इमारतीच्या कोपऱ्याला किंवा मैदानाच्या कडेला चिकटते. मग कोणी मैदान सरकवलं की रस्ता वाकडा होतो. आणि पूल खालच्या रस्त्याला कधीही जोडू नका. पुलाला ‘ब्रिज=येस’ आणि ‘लेयर=१’, सामाईक बिंदू नाही.

अक्षांश:
पहिल्या अडचणीत घाई करू नका. एका मागावरून काहीच ठरत नाही. मोकळ्या आकाशाखाली फोनची चूक ३ ते ५ मीटर धरा, अरुंद गल्लीत सिग्नल भिंतींवरून परतून येतो आणि ती बरीच वाढते. त्याच रस्त्यावरचे जाऊन-येऊन केलेले चार-पाच माग घ्या. सगळे एकाच बाजूला तेवढेच सरकलेले असतील तर चित्रच सरकलेलं आहे. एडिटरच्या पार्श्वभूमी पॅनेलमध्ये चित्र सरकवायची सोय असते, तिथे चित्र मागांवर बसवा आणि मग गिरवा. माग दोन्ही बाजूंना विखुरलेले असतील तर दोष फोनचा, चित्र आहे तसं ठेवा.

इथेच सगळ्यांत मोठं नुकसान होतं. नवखा माणूस सरकलेलं चित्र खरं मानतो आणि कोणीतरी मेहनतीने अचूक बसवलेले रस्ते ओढून त्या चित्रावर आणतो. म्हणून पक्का नियम करा: आधीपासून असलेला रस्ता शिबिरात कोणी सरकवायचा नाही, शंका आली तर नकाशावर टीप टाकायची. डोंगराळ भागात चित्राचा सरक माथ्यावर वेगळा आणि पायथ्याला वेगळा असतो, तिथे जागोजागी तपासा.

रानपाखरू:
प्रत्यक्ष पाहणीबद्दल थोडं. तिघातिघांचे गट करा: एक फोन पाहतो, एक कागदावर लिहितो, एक लोकांशी बोलतो. ए४ आडव्या पानावर साधारण ४०० मीटर रुंदीचा भाग छापा. त्याहून मोठा भाग घेतला तर गल्लीत लिहायला जागा उरत नाही. हद्दीचा रस्ता दोन गटांत येतो आणि त्यावरची दुकानं दोनदा टाकली जातात. ‘हद्दीवरचं सगळं कमी क्रमांकाच्या गटाचं’ एवढं ठरवलं की भांडण मिटतं.

नळ किंवा दार टिपताना फोनच्या निळ्या ठिपक्यावर बिंदू ठेवू नका. ठिपका कोणत्या इमारतीपाशी आहात एवढं सांगतो. बिंदू मात्र डोळ्यांनी पाहून, इमारतीच्या कोपऱ्यापासून अंतर जोखून ठेवा.

नावाच्या रकान्यात फक्त नाव. ‘कोपऱ्यावरचा नळ’ हे वर्णन आहे, नाव नव्हे. पाटीवर एक आणि लोकांच्या तोंडी दुसरं असेल तर पहिलं ‘नेम’मध्ये, दुसरं ‘ऑल्ट_नेम’मध्ये. घरमालकाचं किंवा भाडेकरूचं नाव कुठेच नाही. हा नकाशा सगळ्या जगाला खुला आहे आणि पुसलेली गोष्टही त्याच्या इतिहासात राहते.

मोजपट्टी:
गल्ल्यांची काही नावं कोणालाच आठवत नाहीत. प्रसिद्ध व्यावसायिक नकाशावर ती आहेत. पाहून भरली तर चालेल का?

अक्षांश:
नाही. एक नावसुद्धा नाही, नुसतं ताडून पाहण्यासाठीही नाही. ओपनस्ट्रीटमॅपचा डेटा २०१२ पासून ओडीबीएल या खुल्या डेटाच्या परवान्याखाली आहे. कोणीही तो वापरू शकतो, कारण तो कोणाच्या बंदिस्त नकाशावरून उतरवलेला नाही. एका माणसाने उतरवलेलं सापडलं तर त्याच्या खात्यावरचे बाकीचे बदलही संशयात येतात आणि काढले जाऊ शकतात. नाव मिळालं नाही तर रकाना रिकामा ठेवा. सरकारी यादी हाती आली तरी आधी तिचा परवाना बघा, आणि घाऊक भरण्याआधी ओपनस्ट्रीटमॅपच्या समुदायात चर्चा करणं बंधनकारक आहे.

पायवाट:
अपलोडबद्दल. दर १५-२० मिनिटांनी जतन करायला लावा. दोघांनी एकच वस्तू बदलली तर नंतर जतन करणाऱ्यापुढे संघर्षाचा संदेश येतो, आणि घाबरून तो भलतंच बटण दाबतो. बदल लहान असले तर हा प्रसंग फारसा येत नाही. जतन करतानाच्या टिप्पणीत ‘बदल केले’ असं नको, ‘प्रत्यक्ष पाहणीवरून नळ आणि शौचालयं टाकली’ असं लिहा आणि शिबिराचा एक हॅशटॅग जोडा. ‘ओएसएमचा’ (OSMCha) या संकेतस्थळावर तो हॅशटॅग लावला की सगळ्यांचे बदल एकत्र तपासता येतात.

चूक दिसली तर वस्तू पुसून नवी काढू नका, आहे तीच दुरुस्त करा. नाहीतर तिचा इतिहास तुटतो. मोठा घोळ झाला तर जोसम या संगणकावरच्या एडिटरमध्ये रिव्हर्टर नावाचं प्लगइन आहे, ते अख्खा बदलसंच, म्हणजे एकदम जतन केलेले सगळे बदल, मागे घेतं. ते जाणत्या माणसाच्याच हाती द्या.

आणि लोकांना आधीच सांगून ठेवा की जतन केलेलं संकेतस्थळाच्या नकाशावर सहसा काही मिनिटांत दिसतं, पण ब्राउझर जुनंच चित्र धरून बसला तर पान पूर्ण ताजं करावं लागतं. फोनमध्ये उतरवलेल्या ऑफलाइन नकाशात मात्र पुढची आवृत्ती येईपर्यंत काहीच दिसत नाही. हे माहीत नसलं की लोक तेच ठिकाण पुन्हा टाकतात, आणि एकाच जागी तीन नळ उभे राहतात.

मोजपट्टी:
सगळं उतरवून घेतलं. आता पाया आम्ही तिघे घालतो, चित्र आधी मागांवर बसवून. पहिल्या दिवशी फक्त नळ आणि शौचालयं, दवाखाने आणि शाळा दुसऱ्या दिवशी. पूर्ण वेळापत्रक तयार झालं की इथेच टाकतो, नजर टाकाल ना?

रानपाखरू:
जरूर टाका. वेळापत्रकात दुसऱ्या दिवशी दुपारचे दोन तास एकमेकांच्या पानांची तपासणी ठेवा, नवं काही न शिकवता. आणि शिबिरानंतर महिनाभर आठवड्यातून एकदा हॅशटॅग कोण तपासणार, त्याचं नाव आत्ताच ठरवा.