मदत हवी आहे: अ‍ॅम्प्लिफायरचे एक चॅनेल गाणे न लावताही तापते, हीटसिंकवरचा छोटा ट्रान्झिस्टर नेमके काय करतो?

नमस्कार.

माझ्याकडे प्रत्येक चॅनेलला ८ ओहमवर ५० वॅट देणारा एक जुना स्टीरिओ अ‍ॅम्प्लिफायर आहे. कंपनीचे नाव मुद्दाम देत नाही, कारण प्रश्न कंपनीचा नसून बहुतेक क्लास एबी (सिग्नल नसतानाही आउटपुट ट्रान्झिस्टरांतून थोडा प्रवाह वाहू देणाऱ्या) अ‍ॅम्प्लिफायरमध्ये आढळणाऱ्या रचनेचा आहे. आवाजाचा नॉब पूर्ण खाली असतानाही अर्ध्या तासात डाव्या चॅनेलच्या हीटसिंकवर (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या भागावर) बोट फार वेळ ठेवता येत नाही. उजवा मात्र जेमतेम कोमट राहतो. ऐकताना दोन्हींत काहीच फरक जाणवत नाही, आणि मला तेच अधिक अस्वस्थ करते.

सर्किटचा नकाशा मिळाला नाही, म्हणून बोर्डावरच्या तांब्याच्या रेघा पाहत तो हातानेच उतरवून काढला. त्यातून मला जे उमगले ते असे आहे. चुकत असल्यास कृपया दुरुस्त करावे.

सुरुवातीला एमिटर एकमेकांना जोडलेल्या दोन ट्रान्झिस्टरांची जोडी आहे. एकाच्या बेसवर बाहेरून येणारा सिग्नल पडतो आणि दुसऱ्याच्या बेसवर आउटपुटचाच एक अंश परत येतो, त्यामुळे ही जोडी सतत ‘हवे ते’ आणि ‘मिळाले ते’ यांतील फरक काढत राहते. तो अंश २२ किलोओहम आणि १ किलोओहम हे दोन रेझिस्टर ठरवतात, म्हणजे एकूण विवर्धन २३ पट होते. पण १ किलोओहमच्या खाली १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर असल्यामुळे डीसीपुरते (न बदलणाऱ्या व्होल्टेजपुरते) ते फक्त १ पट राहते. दोन्ही चॅनेलांच्या आउटपुटवर डीसी ६ मिलिव्होल्टच्या आसपास आहे, तेव्हा हा भाग निरोगी असावा असे मी धरतो.

पुढच्या टप्प्यात एकच ट्रान्झिस्टर व्होल्टेजचे जवळजवळ सगळे काम करतो, आणि त्याच्या कलेक्टर व बेसमध्ये १०० पिकोफॅरडचा कपॅसिटर आहे. तो काढला तर अ‍ॅम्प्लिफायर स्वतःशीच शिट्टी वाजवू लागेल, असे माझ्या वाचनात आले आहे. करून पाहण्याचे धाडस केले नाही. शेवटी ड्रायव्हर (आउटपुट ट्रान्झिस्टरांना चालवणारे ट्रान्झिस्टर), आउटपुटची जोडी, प्रत्येकाच्या एमिटरला ०.२२ ओहमचा रेझिस्टर आणि स्पीकरच्या आधी एक रिले. सुरू केल्यावर काही सेकंदांनी येणारी त्या रिलेची ‘टक्’ मी अनेक वर्षे म्हातारपणाचे लक्षण समजत होतो. स्पीकरमध्ये डीसी जाऊ नये म्हणून ती वाट पाहणे असते, हे आत्ता कळले.

खरा प्रश्न मधल्या भागाचा आहे. ड्रायव्हरांच्या दोन बेसांमध्ये एक छोटा ट्रान्झिस्टर आणि एक प्रीसेट (फिरवून मूल्य बदलता येणारा छोटा रेझिस्टर) आहे, आणि तो ट्रान्झिस्टर बोर्डावर न बसवता वायरी लांबवून हीटसिंकला स्क्रूने जखडलेला आहे. सिग्नल नसताना एमिटर रेझिस्टरवरचे व्होल्टेज मोजले, तर थंड असताना दोन्हीकडे १० मिलिव्होल्ट येते. अर्ध्या तासाने उजवीकडे ११ आणि डावीकडे २८ मिलिव्होल्ट येते. प्रीसेट किंचित फिरवून पाहिला, तर आकडा सरकण्याऐवजी एकदम उडी मारतो. दोष प्रीसेटचा आहे की आउटपुट ट्रान्झिस्टरच बदलावे लागतील? आणि बायसचा, म्हणजे सिग्नल नसतानाचा प्रवाह ठरवणारा, हा ट्रान्झिस्टर हीटसिंकवर बसवण्यामागचे कारण काय?

प्रतिसाद १

आपण उतरवलेला नकाशा बरोबर आहे. मोजमापही नेमके घेतले आहे, त्यामुळे उत्तर सोपे झाले.

तो छोटा ट्रान्झिस्टर म्हणजे व्हीबीई मल्टिप्लायर (व्हीबीई म्हणजे बेस आणि एमिटरमधले व्होल्टेज). दोन ड्रायव्हर आणि दोन आउटपुट मिळून चार बेस-एमिटर जंक्शन उघडी राहावीत यासाठी सुमारे अडीच व्होल्टचे अंतर लागते. हा ट्रान्झिस्टर स्वतःचे साधारण ०.६ व्होल्ट चारपट करून ते अंतर पुरवतो. अंतर कमी पडले तर एका ट्रान्झिस्टरकडून दुसऱ्याकडे सिग्नल जाताना मध्ये खाच पडते आणि हळू आवाजात खरखरीतपणा ऐकू येतो. जास्त झाले तर आपल्याकडे झाले आहे तसे होते: ०.२२ ओहमवर २८ मिलिव्होल्ट म्हणजे सुमारे १२७ मिलिअँपिअर, आणि सप्लाय अधिक-उणे ३५ व्होल्ट असेल तर निव्वळ बसल्या जागी ९ वॅट उष्णता. उजवीकडे ती साडेतीन वॅट आहे.

हीटसिंकवर बसवण्याचे कारण असे, की जंक्शन एका अंशाने तापले की त्याला लागणारे व्होल्टेज सुमारे २ मिलिव्होल्टने घटते. दोन आउटपुट ट्रान्झिस्टर २० अंशांनी तापले तर त्यांची गरज मिळून ८० मिलिव्होल्टने कमी होते. मल्टिप्लायरला ही उष्णता जाणवली तर तोही अंतर घटवतो. त्याला ती पोहोचलीच नाही तर अंतर तेवढेच राहते, प्रवाह वाढतो, त्याने उष्णता वाढते आणि तिने पुन्हा प्रवाह. थंड असताना दोन्ही आकडे सारखे आहेत, म्हणून माझा संशय प्रीसेटवर किंवा आउटपुटवर नसून त्या ट्रान्झिस्टर आणि हीटसिंक यांच्यामधल्या सुकलेल्या थर्मल पेस्टवर आहे.

प्रीसेट तरीही बदलावाच. तो मल्टिप्लायरच्या बेस आणि एमिटरमध्ये आहे की कलेक्टर आणि बेसमध्ये, ते आधी पाहावे. पहिल्या रचनेत संपर्क तुटला तर बायस कमी होतो आणि नुकसान टळते. दुसऱ्या रचनेत तो कमाल होतो आणि आउटपुट ट्रान्झिस्टर क्षणात जातात. काम करण्यापूर्वी सप्लायचे मोठे कपॅसिटर रेझिस्टर लावून रिकामे करावेत, आणि पहिल्यांदा वीज देताना सिरीज बल्ब (प्रवाह मर्यादित ठेवण्यासाठी वीजपुरवठ्याच्या वाटेत जोडलेला बल्ब) लावावा.

मूळ प्रश्नकर्ता

मनःपूर्वक आभार. स्क्रू घट्टच होता, पण खालची पेस्ट खडूसारखी भुकटी झाली होती. ती पुसून नवी लावली. चाळीस मिनिटांनंतर डावीकडे १२ मिलिव्होल्ट येत आहे. प्रीसेट मात्र कलेक्टर आणि बेसमध्येच निघाला, म्हणजे आपण सांगितलेली धोक्याची रचना. नवा बहुफेरी प्रीसेट त्याच जागी बसवून बेस-एमिटरचा रेझिस्टर तसाच ठेवावा, की दोघांच्या जागांची अदलाबदल करून मूल्ये नव्याने काढावीत? दुसरा मार्ग मला पटतो, परंतु तीच अडीच व्होल्ट मिळवताना प्रीसेट फिरवण्याची दिशा उलटी होईल, याखेरीज आणखी काही बदलते का?